ताईची बाजू

भावजी : आता बघ, टीव्हीवर उजव्या कोपऱ्यात वर ठिपका येईल. आला! पाहिलास?

चष्म्या : नाही.

भावजी : मग तो चष्मा कशाला घालतोस? हा ठिपका म्हणजे रीळ संपत आलं, दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं. पुन्हा दिसला की इकडचं झाकायचं, तिकडचं उघडायचं. एकतीस वर्षं थिएटरच्या त्या प्रोजेक्टरच्या खोलीत मी ठिपकेच बघितले. हिरॉइन बघायला फुरसत कुठे होती? हिरॉइन सगळ्या तुझ्या ताईने बघितल्या.

चष्म्या : ताई हिरॉइन कुठे बघायची? तिचं लक्ष व्हिलनकडे.

भावजी : खरंय. "बिचाऱ्याचं कुणी ऐकूनच घेत नाही." तीन खून केलेला माणूस, आणि म्हणे बिचारा!

चष्म्या : शेवटी पोलीस त्याला धरायला आले की ही चहा टाकायला उठणार.

भावजी : तुझ्या बाबतीत तेच. चौदा महिने मी तुला शिव्या घालत होतो आणि स्वयंपाकघरातून हिचं आपलं एकच, "तो मनाने वाईट नाही हो."

चष्म्या : शिव्या घालत होतात?

भावजी : मग काय हार घालत होतो?

चष्म्या : मला फोनवर तुमची बाजू सांगायची. "त्यांच्यावर चिडू नकोस रे." भावजी, तुम्ही बोलावलंत म्हणून आलो. भांडायला नाही आलो.

भावजी : भांड की. ती जाऊन सव्वा महिना झाला, या घरात टीव्हीशिवाय कुणी मोठ्याने बोललेलं नाही.

चष्म्या : माझं सगळं सांगून झालंय तेव्हाच.

भावजी : सांगितलंस कुठे? ओरडलास. याच टेबलावर मूठ आपटलीस. साखरेची बरणी फुटली, आठ दिवस मुंग्या.

चष्म्या : तुम्ही म्हणालात, लॅबवाले सगळे कंपन्यांचे दलाल. मी त्याच लॅबमध्ये काम करतो, भावजी. ताईच्या गाठीचा तुकडा माझ्या हातातून गेला. मीच त्याचे काप काढले, मीच रंगवून काचेवर बसवले. डॉक्टरांच्या आधी मी पाहिलं. त्या रात्री जेवलो नाही. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही मला दलाल म्हणालात.

भावजी : तू साहेबांना भामटा म्हणालास.

चष्म्या : आहेच तो भामटा.

भावजी : आज मलाही तसंच वाटतं. तेव्हा नव्हतं वाटत. थिएटरला कुलूप लागलं तेव्हा आम्ही अठरा जण गेटवर बसलो होतो, ठाऊक आहे ना? किती पुढारी आले? एक. हेच साहेब. भर उन्हात पेपर अंथरून माझ्या शेजारी बसला तो माणूस, दुपारभर. माझ्या सख्ख्या भावाने साधा फोन केला नव्हता. पुढे त्याच माणसाने भरसभेत हिरव्या पुडीचं पाकीट वर धरलं आणि सांगितलं, डॉक्टर उगाच घाबरवतात, सुरी लागली की गाठ पसरते, हे आपल्या मातीतलं औषध घ्या. मग मी कुणाचं ऐकायचं?

चष्म्या : रिपोर्टचं.

भावजी : रिपोर्ट माझ्या शेजारी उन्हात बसला नव्हता रे.

चष्म्या : हे मला कधी बोलला नाहीत.

भावजी : तू कधी विचारलंस?

चष्म्या : नाही विचारलं. तुम्ही त्याचे भक्त आहात एवढं धरून चाललो. त्या दिवशी मी गाठीबद्दल बोलायला आलो होतो, भावजी. बसमध्ये वाक्यं जुळवत आलो. लवकर सापडलीय, ऑपरेशन होईल, थोडे महिने औषधं, त्रास होईल पण निभेल. चारच वाक्यं. आणि इथे येऊन दोन तास बोललो कशावर, तर निवडणुकीवर. कोण चोर, कुणी कुणाला फोडलं. ती चार वाक्यं राहूनच गेली.

भावजी : ती इथेच बसली होती. सिनेमा बघत.

चष्म्या : तोंड टीव्हीकडे होतं फक्त. मी बघत होतो ना तिच्याकडे. बघत होतो, तरी थांबलो नाही.

भावजी : नंतर एकदा तरी यायचंस.

चष्म्या : तुम्ही बोलवायचंत.

भावजी : तीही म्हणाली होती, बोलवा म्हणून.

चष्म्या : कधी?

भावजी : थंडीत. गाठ वाढलेली तिची तिलाच हाताला लागली. म्हणाली, "त्याला बोलवा, तो बरोबर असला की मला ऑपरेशनची भीती नाही वाटणार." मी काय म्हणालो असेन? म्हणालो, तो येईल आणि मॅच जिंकल्यासारखा दारात उभा राहील, ते मला बघवणार नाही. आणखी महिनाभर पूड घे, मग बघू. ती काही बोलली नाही. मला वाटलं, पटलं तिला.

चष्म्या : म्हणजे त्यानंतर आली असेल ती.

भावजी : कुठे?

चष्म्या : लॅबमध्ये. एकटीच.

भावजी : छे. एकटी कुठे जायची नाही ती.

चष्म्या : गुरुवार होता. निळी शाल, हातात कापडी पिशवी. शिपायाने आत येऊन सांगितलं, तुमची बहीण आलीय. म्हटलं, काम आहे, बसू दे.

भावजी : कामात होतास.

चष्म्या : नव्हतो. हातात काहीही नव्हतं. मायक्रोस्कोप पुसत बसलो. पुसलेलाच पुन्हा पुसला. चाळीस मिनिटं तिला बाहेर बाकावर बसवून ठेवलं. बसू दे, कळू दे म्हटलं.

भावजी : काय कळू दे?

चष्म्या : तेच तर मला आजवर सांगता येत नाही.

भावजी : मग?

चष्म्या : मग गेलो बाहेर. ती हसली. म्हणाली, "पुन्हा तपासून घ्यायचंय रे." मी म्हणालो, आधी भावजींना घेऊन ये. ते चुकलं म्हणाले की पुढचं सगळं मी करतो. ती म्हणाली, "अरे, मी आलेय ना." पुन्हा एकदा म्हणाली तेच. मी म्हणालो, नाही, त्यांनी आलं पाहिजे.

भावजी : मला म्हणाली, बाजारात गेले होते. भाजी नव्हती पिशवीत. विचारलं तर म्हणाली, महाग होती.

चष्म्या : भावजी...

भावजी : थांब जरा. बोलू नकोस.

चष्म्या : तुम्ही मला मारलंत तरी चालेल.

भावजी : कुठल्या हाताने मारू? पूड याच हाताने द्यायचो. सकाळ-संध्याकाळ, कोमट पाण्यातून. कडू लागायची, तोंड वेडंवाकडं करायची आणि मला बरं वाटावं म्हणून सांगायची, आज दुखणं कमी आहे. शेवटी दवाखान्यात नेली तेव्हा तो पोरगेला डॉक्टर रागावलासुद्धा नाही. नुसता फाइल मिटून बसला. रागावला असता तर बरं झालं असतं.

चष्म्या : मला बोलावलंत ते हे सांगायला?

भावजी : नाही. त्यासाठी बोलवायची माझी हिंमत झाली नसती. खाली टेलरबाई आहेत ना, तुझ्या ताईचे ब्लाउज शिवायच्या त्या. त्यांना साखर आहे. दोन वर्षं गोळ्या बंद आहेत, पूड चालू आहे. कुणी दिली म्हणतोस?

चष्म्या : तुम्ही.

भावजी : मी. पहिलं पाकीट मी नेऊन दिलं, वर तासभर भाषण दिलं. परवा जिन्यात भेटल्या, पाय ओढत होत्या. तीनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. माझ्याने बोलवत नाही. तू चल बरोबर. पण एक सांगतो, साहेबांचं नाव काढू नकोस. त्यांच्याही भिंतीवर फोटो आहे.

चष्म्या : नाही काढणार.

भावजी : बघ हं. बरणी त्यांच्याकडेही आहे.

(खालचा मजला. टेलरबाईंचं दार उघडंच आहे. शिवणयंत्र चालता चालता थांबतं.)

टेलरबाई : या, या भाऊ! आणि हे कोण, वहिनींचे भाऊ ना? अगदी वहिनींचं नाक. बसा, ते कपडे सरकवा तिकडे. टाचण्या बघून बसा हं, जिकडे तिकडे सांडल्यात.

भावजी : टेलरबाई, पूड घेताय का अजून?

टेलरबाई : घेतेय की! एक वेळही चुकवत नाही. वहिनींचं ऐकून काळजात धस्स झालं होतं, पण तुम्हीच म्हणालात ना जिन्यात, त्यांचा विश्वास कमी पडला म्हणून. मी म्हटलं, आपण कमी पडायचं नाही.

भावजी : ते मी खोटं बोललो.

टेलरबाई : म्हणजे?

भावजी : तिने एक दिवस चुकवलं नाही. शेवटच्या आठवड्यात पाणी गिळवत नव्हतं, तरी घेतली. विश्वास भरपूर होता तिचा. माझ्यावर होता. गुण पुडीत नव्हता.

टेलरबाई : असं कसं म्हणता भाऊ? तुम्हीच तर त्या खुर्चीत बसून मला सांगितलंत. डॉक्टरकडे जाऊ नका म्हणालात. आता मी कुणाचं ऐकायचं?

भावजी : माझं नका ऐकू.

टेलरबाई : आणि हे गप्प का? हे तर तपासणीवाले. वहिनी सांगायच्या, माझा भाऊ बोलायला लागला की थांबत नाही.

चष्म्या : मावशी, पाय बघू का तुमचा?

टेलरबाई : पायाला काही नाही हो. टाचणी बोचली असेल कधीतरी, तेवढंच. बघा. काळपट दिसतोय, पण दुखत नाही मुळीच. म्हणून तर म्हणते, पुडीने गुण आलाय.

चष्म्या : इथे दाबलं, कळतंय?

टेलरबाई : दाबलंत?

चष्म्या : इथे?

टेलरबाई : नाही बाई.

चष्म्या : मावशी, हा पाय दुखायला हवा होता.

टेलरबाई : वाईट आहे का?

चष्म्या : ते डॉक्टर सांगतील, मला तेवढं कळत नाही. पण आज दाखवायला हवा. रविवार असला तरी मोठा दवाखाना उघडा असतो. आपण तिघं जाऊ.

टेलरबाई : आत्ता? आणि हे परकर उद्या द्यायचेत ते? शिवाय डॉक्टर किती बोलतील. गोळ्या का सोडल्या, कुणाच्या सांगण्यावरून सोडल्या... काय सांगू मी त्यांना?

भावजी : माझं नाव सांगा. मी तिथेच असेन.

टेलरबाई : तुम्हाला बोलतील, भाऊ.

भावजी : बोलू देत.

टेलरबाई : बरं, चला तर. त्या दिव्याचं बटण बंद करा. आणि चपला तेवढ्या पुढे करा, मला वाकवत नाही.

भावजी : बसा तुम्ही, मी घालतो.

टेलरबाई : अहो, तुम्ही कशाला? मोठे आहात माझ्यापेक्षा.

भावजी : पाय पुढे करा.

चष्म्या : हळू, भावजी. लागलं तरी त्यांना कळणार नाही.