दोन दारांमधली फट

मी, सगळे ज्याला मिस्त्री म्हणतात तो, वय ५६, धंदा ट्रेलरची दारे दुरुस्त करणे, राहणार गोदामामागच्या खोल्यांत. पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

ज्या ट्रेलरबद्दल विचारले, तो माझा जावई चालवतो. मंगळवारी दुपारी माल उतरवायला त्याने तो गोदामाच्या आवारात उभा केला. तिथली जमीन डावीकडे खचली आहे. मागचे डावे चाक खड्ड्यात गेले की ट्रेलरची सगळी चौकट पिळवटते आणि मागची दोन्ही दारे एकमेकांत अडकतात. तशी ती अडकली, म्हणून जावयाने मला बोलावले. त्याने गोदामाच्या व्यवस्थापकांना जमिनीचे सांगितले, तर ते म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." मी म्हणालो, "साहेब, इथं अंगण खरंच वाकडं आहे." ते हसले नाहीत.

अशा दाराला पहार लावली तर बिजागरी तुटते. म्हणून गाडी हळूहळू पुढे घ्यायची, चाक सपाटीला आले की दार आपसूक मोकळे होते. त्या वेळी मी दारांमधल्या फटीत बोटे ठेवतो. फट वरखाली सारखी झाली की बोटांना कळते, डोळे फसतात. जावयाला हे पटत नाही. त्या दिवशीही तो म्हणाला, "मामा, हात काढा, मगच हलवतो." मी म्हणालो, "तू पुढं बघ, मला शिकवू नकोस." आणि "येऊ दे" अशी हाक दिली.

डावे चाक वर आले, पण उजवे पुढच्या खळग्यात उतरले. चौकट उलटी पिळली आणि फट मिटली. माझ्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. जावयाने मला दवाखान्यात नेले.

व्यवस्थापक म्हणतात, चालकाचा निष्काळजीपणा. ते खोटे आहे. हाक माझी होती, बोटेही माझीच. गुन्हा दाखल झाला तर त्याचा परवाना जाईल आणि माझ्या मुलीचा संसार उघड्यावर पडेल. माझी त्याच्याविरुद्ध काही तक्रार नाही.

मात्र त्याने गाडीची चावी मालकाला परत दिली आहे. बोटांचे दुखणे सोसवते, त्याचे गप्प बसणे सोसवत नाही. माझे तो ऐकत नाही, वर्दीचे ऐकेल. आपण त्याला चावी घ्यायला सांगावे. हे जबाबात बसत नाही, असे हवालदार म्हणाले. तरी लिहा, असे मी म्हणालो.

लिहिलेले सगळे मला वाचून दाखवले, ते मी सांगितले तसेच आहे. सही डाव्या हाताने केली आहे. कागद सरकत होता, म्हणून बाहेर बाकावर बसलेल्या जावयाला आत बोलावले. त्याने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.