गिलासभर हळदीचं दूध

वर्ध्याला, किमोच्या खोलीबाहेरच्या बाकावर, समुद्रपूरकडचं एक वयस्क जोडपं माझ्या शेजारी बसलं होतं. बाईंच्या डोक्याला रुमाल होता. आजोबांच्या हातात मोबाईल होता आणि नखांत हळद.

“पाह्य, चीनचा डॉक्टर काय सांगून राह्यला. हळदीनं कॅन्सरच्या पेशी मरते.”

“कुठं मरते? माणसात?”

“काचेच्या बशीत.”

“मंग बशीले पाजा.”

“मजाक नोको करू. त्याच्यापाशी आपली वायगावची हळद असती, त अजून लवकर मेल्या असत्या.”

“असन. पण मले सलाईनमधून देते ते औषध कायचं आहे, मालूम आहे? सिस्टरनं सांगतलं. सदाफुलीचं.”

“आपल्या आंगणातली? तिले त बकरीही तोंड लावत नाई!”

“तेच त.”

“मंग घरीच पाला वाटून देतो न!”

“नोका बाप्पा! पाला जहर असते. कारखान्यात त्यातलं औषध तेवढं निवडून काढते.”

“बरं. हळदीचं दूध त चालू ठेवू न?”

“डॉक्टरीनबाईनं पह्यल्याच दिवशी मना केलं. किमो चालू असताना घरचं औषध घ्याचं नाई म्हणे.”

“अवं, मंग तीन महिन्यापासून मी रोज गिलास भरून देतो, तो?”

“सदाफुलीले टाकतो मी.”

“मले सांगतलं काऊन नाई?”

“तुमी सकाळी उठून, फुकून फुकून आणता. कसं सांगू?”

“मंग उद्यापासून बंद करू?”

“बंद काऊन? तिले सवय पडली आता.”