एकशे सदतीस नंबरचा प्रवास

...आणि वरून मलाच म्हणतात, "ललितभाऊ, गोगलगायी तूच आणल्या!" मी? अहो, अख्ख्या दापोऱ्यात घरोघर जाऊन, घसा बसेपर्यंत मी सांगितलं, की बाबांनो, ही आपल्याकडची गोगलगाय नाही, ही मूळची आफ्रिकेची, मुठीएवढी, एका वेळी दोन-तीनशे अंडी घालते, आणि नर-मादी असली भानगडच नाही, जी भेटेल ती अंडी घालते... तो मी! एम.एस्सी. प्राणिशास्त्र! तुम्हाला सांगतो, माणसाने शिकू नये. शिकलाच तर गावात राहू नये. आणि राहिलाच तर तोंड उघडू नये!

ती आली कशी, ते ऐका. तुम्हाला वाटेल आफ्रिकेतून सरपटत सरपटत निघाली असेल... छे! रात्रभर चालली तरी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, तेही पाऊस असेल तर. ऊन पडलं की शंखाला आतून झाकण लावून झोपते, सहा-सहा महिने! ती आली धर्मेंद्रच्या टेम्पोत. धर्मेंद्र म्हणजे आमचा शेजारी, त्याचा बांध आमच्या बांधाला लागून. त्याने कुठून तरी स्वस्तात पपईची रोपं आणली, रोपांच्या पिशव्यांत माती, मातीत अंडी. झालं! गोगलगाय स्वतः जात नाही हो, तिला पोचवतात!

पहिल्या पावसात निघाल्या. शंभर, पाचशे, मग मोजणं सोडलं. केळीचे कोवळे पोंगे खाल्ले, पपई खाल्ली, धर्मेंद्रने भिंतीला दिलेला चुनासुद्धा खाल्ला! आणि त्याच्या बांधाच्या पलीकडे इंदुबाईची केळीची चारशे रोपं. इंदुबाईचा नवरा कागद कारखान्यात, रविवारी घरी येतो, सोमवारी जातो. शेत तिचं, कष्ट तिचे, रोपं तिची.

मी मारुतीच्या ओट्यावर सभा घेतली. म्हटलं, रोज पहाटे वेचा, मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका, महिनाभरात गाव मोकळं. सगळे असे बघायला लागले जणू मी बारशाला बोलावून बाळाला मारा म्हणालो.

"चातुर्मासात?" शोभाकाकू म्हणाली. "जीव हाये तो. तुझ्या मायनं हेच शिकवलं का रे?"

ही शोभाकाकू! हिच्या घरात उंदरासाठी चिकटपट्टी असते. चिकटलेला उंदीर दोन दिवस चीं चीं करतो आणि ही शेजारी बसून पोथी वाचते. पण तो घरातला उंदीर, तो चातुर्मासात मोजत नाहीत!

एकटी इंदुबाई उठली. "बादलीला किती मीठ, भाऊ?" बस, एवढंच विचारलं. माझा ऊर भरून आला. म्हटलं, क्रांती अशीच सुरू होते, एका बाईपासून!

आणि मी काय केलं? मी अभ्यास केला! प्रजाती पसरते कशी, याचा. बहिणीची, हिमानीची, लाल नेलपॉलिश घेतली, आमच्या बागेतल्या दोनशे गोगलगायी धुऊन, पुसून, शंखावर एकेक नंबर घातला आणि परत सोडल्या. बाबा म्हणाले, "लोकाले मारा म्हनतो आन् आपल्या रंगवतो?" म्हटलं, बाबा, हे विज्ञान आहे, या दोनशे मारायच्या नाहीत. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कुरतडलेल्या केळीकडे पाहिलं आणि तंबाखू मळायला घेतली.

आजूबाजूच्या गावांत सांगून ठेवलं होतं, नंबर दिसला तर कळवा. आठ दिवसांत फोन! एक्केचाळीस नंबर जैनाबादला. माझ्या गणिताने तिला तिथे पोचायला दीड वर्ष लागायला हवं! मग एकशे सदतीस नंबर थेट इच्छापूरला, देवीच्या पायऱ्यांवर! मग नऊ नंबर राज्याची सीमा ओलांडून पलीकडे महाराष्ट्रात! मी वेडा झालो. नकाशा काढला, बाण काढले. आमचे कॉलेजचे सर म्हणाले, "ललित, ये तो नई खोज है!" तीन रात्री मला झोप नाही. पुराच्या पाण्यातून? ओंडक्यावर बसून? घारीने उचलून?

चौथ्या दिवशी पहाटे धर्मेंद्र दिसला. मोटारसायकलवर, पुढे एक बादली, मागे एक बादली, वर ओलं पोतं.

"कुठे रे?"

"इच्छापूरच्या पुढे. छोड के आता हूँ यार. मारायचं नाही न आपल्याले. अपना हाथ साफ."

अख्खं गाव, तुम्हाला सांगतो, अख्खं गाव! दापोऱ्याचे जैनाबादला सोडतात, जैनाबादचे इच्छापूरला, इच्छापूरचे सीमेपलीकडे, आणि पलीकडचे काय कमी शहाणे? ते तितक्याच भक्तिभावाने इकडे! जी बया जन्मात गाव ओलांडू शकली नसती, तिला राज्य ओलांडून दिलं, वर हात जोडून नमस्कार करून! गोगलगाय स्वतः जात नाही हो, तिला पोचवतात!

आणि यात गावाला एक शोध लागला. पेट्रोल कशाला जाळायचं? आपल्यात एक मारणारी आहे की! रोज पहाटे इंदुबाईच्या बांधावर बादल्या. धर्मेंद्रची, शोभाकाकूची, आणखी कोणाकोणाची. बादली ठेवायची आणि मागे न बघता यायचं. पाप तिच्या हाताला, पुण्य आपल्या घरी. ती बिचारी आपल्या चारशे रोपांसाठी मारत राहिली. हातांची सालं निघाली मिठाने.

मग श्रावणात कानबाई आली, आमच्याकडची देवी. तिच्या नैवेद्याच्या रोटाच्या दळणाला जात्यावर पहिली बसते ती इंदुबाई, कारण कानबाईची गाणी तिच्यासारखी कोणाला येत नाहीत. ती आंघोळ करून, नवं लुगडं नेसून आली. आणि शोभाकाकूने, जिची बादली त्याच सकाळी तिच्या बांधावर होती, त्या शोभाकाकूने जात्यावर हात आडवा धरला.

"ना वं माय. तुह्या हातानं लई जीव गेले यंदा. रोटाले हात नको लावू."

इंदुबाईने माझ्याकडे पाहिलं. तुम्हाला सांगतो, मी शंभर माणसांसमोर बोलतो, सरांशी वाद घालतो, पण तेव्हा मी... मी मोबाइल पाहिला. मेसेज आल्यासारखं केलं. नव्हता आला.

ती घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून मारणं बंद. लोकांच्या बादल्या मात्र येतच राहिल्या, सवय लागली न गावाला! पाच दिवसांत चारशे रोपं साफ. नुसते दांडे. आणि रोटाचा प्रसाद? तो तिला तरीही नाही दिला. आता मारत नाही, हे खरं, पण मारत होती न!

आणि मग सगळं गाव माझ्या दारात. लाल नंबरवाल्या जिथे जिथे सापडल्या, तिथून परत आणून दिल्या. "तुझ्या हायेत, नाव टाकलंय तू, सांभाळ." प्रेमाने, एकेक करून. एकशे बारा परत आल्या. प्रवासाला निघालेली प्रजाती माझ्या अंगणात परत! नई खोज!

म्हटलं ठीक, मीठ आणतो. आणलं. पहिलीवर चिमूटभर टाकलं. फेस आला हो... हिरवट फेस, आणि बारीक आवाज येतो, कढईत काहीतरी तळल्यासारखा. मला माहीतच नव्हतं आवाज येतो! महिनाभर लोकांना सांगत होतो, एकही स्वतः मारली नव्हती. दुसरी उचलली तर एकशे सदतीस नंबर. देवीच्या पायऱ्यांपर्यंत जाऊन आलेली. शिंगं बाहेर काढून माझ्याकडे बघते...

मग मी काय केलं? हसू नका. पहाटे उठलो आणि ती बादली इंदुबाईच्या बांधावर ठेवून आलो. मीच. मागे न बघता.

सकाळी दार उघडलं तर बादली परत. वर मिठाची पुडी, आणि बाजूला इंदुबाई उभी. रागावली नाही हो, रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "लोकायच्या मारल्या मी भाऊ, त्यायले नावं नव्हती. यायले तुमी नंबर देले. तुमच्याच हातानं होऊ द्या." आणि नांगरून टाकलेल्या शेताकडे निघून गेली.

पुडी अजून फोडलेली नाही. बादली... बादली इथेच आहे, या हॉटेलच्या टेबलाखाली. घाबरू नका, झाकणावर वीट आहे. मी म्हटलं ना तुम्हाला, ती स्वतः कुठे जात नाही!

...तुमच्यात भुसावळचं कोण आहे हो? तुम्ही काका? नाही, मारायच्या नाहीत, छे छे, चातुर्मास आहे. नुसतं विचारतो... गाडीच्या डिक्कीत थोडी जागा होईल का?