आजीच्या हस्ताक्षरात

हे मी सांगायचं नव्हतं. म्हणजे मला तसं बजावलंय — मॅडमना पाणी दे, बसा म्हण आणि गप्प राहा, असं आई म्हणाली. मी एरवीही फार बोलत नाही, म्हणून तिला माझी काळजी नव्हती. पण तुम्ही पिशवीतून तो कागद काढलात आणि विचारलंत, हे अक्षर आजींचंच ना? तर — हो, आजीचंच. म्हणजे आजीसारखं. म्हणजे माझं आहे.

बाबांना वाटतंय तुम्ही बक्षिसासाठी आलाय. 'ज्येष्ठांचा मान राखणारं कुटुंब' — तुम्ही घरी येताय म्हणजे पहिल्या पाचात आलोच, असं कालपासून सगळ्यांना फोनवर सांगतायत. आता आत फोटोची चौकट शोधतायत. आणि आई आजीला कपडे घालून देतेय. आजी रोज स्वतःचे कपडे स्वतः घालते, पण आज घालून घ्यायचे. तिकडं न्हाणीघराकडं गेलात तर भिंतीवर आधाराची दांडी दिसेल, तिला धरू नका. काल संध्याकाळी चिकटपट्टीनं लावलीय, हातात येईल. उशाशी घंटासुद्धा आहे, रात्री आजीला काही लागलं तर वाजवायला. छान आहे ना? वाजत नाही, पण फोटोत कळणार नाही.

तर अक्षर. तुमच्या फॉर्मवर छापलं होतं ना, की ज्येष्ठांनी 'माझ्या घरात माझं स्थान' हे स्वतःच्या हातानं लिहावं, दुसऱ्यानं लिहू नये — चांगला नियम आहे. बाबांनी तो दोनदा मोठ्यानं वाचला. वाचून झाल्यावर मला हाक मारली. "आईचा हात थरथरतो, तू लिही, तुझं अक्षर चांगलं आहे, फक्त जरा म्हातारं काढ," म्हणाले. आता, आजीचा हात थरथरत नाही हो. शिंप्याच्या दुकानात एकतीस वर्षं काजं केली तिनं, अजून चष्मा लावून पहिल्या फटक्यात सुई ओवते. पण बाबा म्हणाले थरथरतो, तर थरथरतो. तिला ऐकू येत नाही, हेही तसंच. तिच्याशी कोणी बोलायला लागलं की आई मध्येच म्हणते, "त्यांना नाही ऐकू येत, मला सांगा." आणि आजी तिथंच बसून सगळं ऐकते. मग मलाच विचारते, मला आज काय काय ऐकू आलं नाही गं?

म्हातारं अक्षर काढायला मी तिची मापांची जुनी वही घेतली. छाती छत्तीस, बाही बावीस, उजवा खांदा उतरता — त्यावरून चार दिवस गिरवलं. जमलं. बाबांनी सांगितलं ते लिहिलं: माझ्या घरात माझा शब्द चालतो, माझी स्वतंत्र खोली आहे, मला इथून कुठंही जावंसं वाटत नाही. बाबांचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, मी पाहिलं. आणि डोळे पुसून झाल्यावर म्हणाले, आता हात बसलाच आहे तर आणखी एक लिहून टाक.

ते दुसरं म्हणजे हे. तुमच्या हातातलं. टेकडीमागच्या वृद्धाश्रमासाठी. बाबा त्याला वृद्धाश्रम म्हणत नाहीत, 'निवास' म्हणतात. तिथंही तोच नियम, बघा — येणाऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहायचं, की मी स्वखुशीनं, कोणाच्याही दबावाशिवाय, कायमची राहायला येत आहे. कोणी कोणाला जबरदस्तीनं आणून सोडू नये म्हणून. सगळे किती जपतात ना आजीला — सगळ्यांनी तिला लिहायला सांगितलंय, आणि तिला सोडून सगळ्यांना ते माहीत आहे.

हो, दोन्ही पाकिटांवर पत्ते मीच घातले. चिकटवलीही मीच. कागद सारखे, पाकिटं सारखी, संध्याकाळची घाई — चूक कोणाचीही होऊ शकते. माझी आजवर कधी झाली नाही, परीक्षेत साधा आसनक्रमांक चुकला नाही माझा, पण होऊ शकते. त्यामुळे तुमच्याकडं 'कायमची राहायला येत आहे' आलं, आणि तिकडं 'मला इथून कुठंही जावंसं वाटत नाही' गेलं. तिथल्या कारकुनांचा फोनही आला होता. म्हणाले, अहो, या बाई येतायत की नाही? मी म्हटलं, बाबांना निरोप देते. विसरले. म्हणजे — दिला नाही.

सोमवारी तिथली गाडी येणार आहे, बाबांनी आधीच ठरवून ठेवलीय. आजीला सांगितलंय चार दिवस हवापालट. तिचं शिवणयंत्र कालच तिच्या खिडकीच्या खोलीतून गच्चीत नेऊन ठेवलं, वर प्लास्टिक टाकून. तुमच्यासाठी खोली मोकळी दिसावी म्हणून, असं तिला सांगितलं. तिनं माझा शाळेचा झगा मागून घेतला आणि हातानंच खालची घडी उसवून लांब करत बसली. म्हणाली, मी नसताना आखूड झाला तर कोण बघणार? तीन बोटं सोडलीत तिनं. मॅडम, चार दिवसांत मी तीन बोटं वाढणार आहे का? दोन वर्षांची सोय करून ठेवलीय. म्हणजे तिला कळलंय. कुणी काही सांगितलेलं नाही, तिला तर ऐकूच येत नाही, तरी कळलंय.

नाही, बाबा वाईट नाहीत. तुम्ही तसं लिहू नका हां. मागच्या महिन्यात सोसायटीच्या सभेत त्यांनी ज्येष्ठांच्या हक्कांवर भाषण केलं, लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. आजीही चालली होती ऐकायला, पण खुर्च्या कमी पडतील म्हणून तिला घरी ठेवलं. आणि आई — आई दमते हो. दमल्यावर माणूस कोणाचा तरी फोन काढून घेतो, कोणाची तरी पत्रं आधी फोडून वाचतो, आणि वर म्हणतो, तुमच्याच काळजीपोटी. मलाही तसंच म्हणतात, पण मी मोठी झाले की थांबेल. आजी आता कधी मोठी होणार?

तुम्ही एक कराल का? तिला एकटीला विचारा. तुम्हाला कुठं राहायचंय, एवढंच. हे तिला अजून कोणी विचारलेलं नाही, मीसुद्धा नाही, आणि मी तर तिच्या नावानं दोन दोन पत्रं लिहिली. बाबा समोर असले तर ती नुसती हसेल. हसायचं, असं तिला शिकवून ठेवलंय सकाळपासून. तर त्यांना बाहेर जायला सांगा. आई म्हणेल ऐकू येत नाही — तिकडं लक्ष देऊ नका, सरळ हळू आवाजात विचारा. आणि ती बोलली की तिलाच लिहायला द्या. पेन मी आणून ठेवलंय, त्या उशीखाली, घंटेच्या बाजूला.

बक्षीस नाही मिळालं तरी चालेल. म्हणजे बाबांना नाही चालणार. ते विचारतील पाकिटं कोणी चिकटवली, आणि मी सांगेन. बहुतेक सांगेन. पण आजीला विचाराल तेव्हा मला आत बोलावू नका. मी तिथं असले तर ती माझ्याकडं बघून म्हणेल, जाते मी, मला आवडेल तिकडं. ती तशीच आहे. आणि तसं तिनं म्हणू नये, कारण — आले, आई. नाही, काही बोलत नाही, पाणी देतेय — कारण तिची ती खिडकीची खोली बाबांनी तिच्याकडून मागितलीच नव्हती हो, दहावीच्या अभ्यासाला मला स्वतंत्र खोली पाहिजे म्हणून रडून मागितली होती ती मी—

आले म्हटलं ना, आई, आले.