उरलेला शब्द

हॅलो? टोर्ग्नी? मी इल्वा… तुझी बहीण, दुसरी कोण! अरे, ठेवू नकोस… बाबांकडे तीन शब्द उरलेत. हो, मोजूनच सांगतेय. कॉफीचं ‘काफे’, नकाराचं ‘नेय’ आणि ‘श्येना’.

हो… तोच शब्द. ज्याच्यावरून बाबांनी तुझ्या थोबाडीत मारली, पाहुण्यांसमोर… एकोणीस वर्षं झाली, ठाऊक आहे मला. तू दारातून नुसतं ‘श्येना, बाबा!’ म्हणालास. सगळी पोरं ‘कसं काय’ऐवजी तसंच म्हणायची…

ऐक ना! तुला कुणी सांगितलंच नव्हतं. मलाही परवा आत्याने सांगितलं. आजोबा हवेलीवर तबेल्यात होते ना? मालक दिसला की टोपी काढून वाकायचं, ‘आपला नम्र नोकर’ म्हणायचं. बाबा शेजारी उभे, सहा वर्षांचे… तेच झिजलं रे. आधी ‘आपला’ गळलं, मग ‘नम्र’. उरला ‘श्येनारे’, नोकर. आणि तुम्ही त्याचंही शेपूट तोडलंत… हो, मीसुद्धा.

कुचेष्टा? त्यांना धड पाणी गिळवत नाही, कुचेष्टा कुठली करतायत!

बरोबर… डॉक्टरही तेच म्हणाल्या. पक्षाघाताच्या झटक्यानंतर ‘काय, कसं काय’ एवढंच जिभेवर राहतं, अर्थ काढू नका. म्हणून तर मी तपासलं. फोटो दाखवले. आईचा… गप्प. माझा… ‘नेय’. हस, हस! तुझा… ‘श्येना’. पत्ते पिसावेत तसे फोटो पिसून पाच वेळा दाखवले. पाचही वेळा, फक्त तुझ्यावर.

आता? खाटेशीच बसलेय. सकाळपासून डोळे मिटलेत… नाही, कानाला काही झालेलं नाही. धरू फोन? काय बोलायचं ते तुला माहीत आहे… टोर्ग्नी, रडून घे, पण मग बोल. धरतेय हं…

…

हॅलो? हो, ऐकलं मी. दोनदा म्हणालास… ओठ हलले. नाही… आवाज नाही आला. खरंच हलले, मी कशाला खोटं सांगू?

कुठली गाडी?… लुंडहून थेट? हर्नेसांडला किती वाजता उतरशील?… म्हणजे नऊ तास.

थांब, त्यांचे श्वास मोजते. घड्याळ लावलंय… बोलू नकोस मिनिटभर…

सहा. सकाळी चौदा होते.