पाण्याला लावलेली फायनल

...न्हाय न्हाय, बसा हो सायेब, अंगठा काय पळून जातोय. हाताला मुशी माशाचं तेल हाय बघा — सकाळधरनं होडीला तेल चोळतोय, ह्या अंगठ्यानं तुमचा कागद पार बिघडंल. आन् ह्या घरात एक कागद बिघडला तेवढा पुरे झाला, त्याच्यापायीच तर तुम्ही अलिबागेहून किहीमपतुर बैलगाडीत हाडं खिळखिळी करत आलात. केसर येईलच. वाळूवर बोंबील वाळत घातलेत, कावळे राखते. फायनल पास झालेली पोर कावळे राखते म्हणून हसू नका — कावळ्यांना काय ठावं ती फायनल हाय.

तर तुमचं म्हणणं काय — दाखल्यावरचं नाव वाचता येत न्हाय, तवा हा दाखला माझ्याच पोरीचा हाय असं बापानं सांगायचं, आन् पोर अजून सज्ञान न्हाय, तर ती तळा गावाला मुलींच्या शाळेत बाई म्हणून जायला बापाची हरकत न्हाय, हेबी सांगायचं. दोन्हीला मिळून एकच अंगठा. समजलं. मगाशीच समजलं. तरी एक इचारतो, राग मानू नका — तुम्ही स्वतः कोण? मॅट्रिक? इंटर. वा. पास? ...बरं, बरं, नापास. खाली कशाला बघता, मला खरंच समजून घ्यायचंय — मॅट्रिक पास मोठा का इंटर नापास मोठा? इंटर नापासच मोठा म्हणता. म्हंजे तुमच्यात माणूस नापास व्हऊनबी वर जातो. आमच्यात मुंबईला निघालेली होडी अर्ध्या वाटेवरनं माघारी फिरली, तर तिला मुंबई नापास कोण म्हणत न्हाय, परत आली एवढंच म्हणतात. असो, शिकलेल्यांची रीत येगळी.

न्हाय, मला पहिलं वाटायचं शिकलेला आन् न शिकलेला, दोनच जाती. केसरनं समजावलं — चौथी झाली की चिठ्ठीचपाटी वाचायची, सातवीची फायनल झाली की तलाठी व्हायचं न्हायतर मास्तर, पण मास्तरातबी ट्रेन्ड येगळा आन् बिनट्रेन्ड येगळा. ट्रेन्ड म्हंजे शिकवायचं कसं ते पुण्याला जाऊन शिकून आलेला — त्यातबी पहिलं वरीस झालेला, दुसरं वरीस झालेला, आन् ते एकमेकांच्या शेजारी बसत न्हाईत म्हणे. मॅट्रिक इंग्रजीतली, ती कचेरीत खुर्चीवर बसते. बी.ए. मी एकच बघितलाय, अलिबागेत, हायस्कुलात शिकवतो. त्याची बायको माझ्याकडनं सरंगा मासा घेताना त्याला काय इचारत न्हाय, तेवढं मला ठावं. आन् आमच्या कोळीवाड्यात सगळ्यात शिकलेला म्हंजे हिरामण, तिसरीतनं काढलेला. तो वाचतो, पण मोठ्यानं वाचतो, आन् वाचलेलं त्याला समजत न्हाय, ऐकणाऱ्याला समजतं. त्याच्यावर आमचं बरं चाललं व्हतं. मंग ही केसर पास झाली.

दाखला? सांगतो की. दाखला बिघडवला कुणी न्हाय, दाखल्याची पूजा केली. तुम्ही कोळीवाड्यात कधी नवी होडी पाण्यात घालताना बघितलीय? आधी तिला हळदकुंकू, मंग नारळ, मंग आई एकवीरेचं नाव घेऊन लोटायची — दर्याचं पाणी लागलं की ती होडी, तोवर नुसती लाकडं. तर केसरचा दाखला आला त्या दिवशी सगळा वाडा ओटीवर, ह्याच्या हातातनं त्याच्या हातात, कुणी उलटा धरतो कुणी सुलटा. कुणीतरी म्हणालं, गुणाजी, नवी वस्तू घरात आली, पाण्याला दाखवली न्हाय? मला पटलं. कुंकू मीच लावलं, वरच्या बाजूला, तिथं नाव व्हतं म्हणे, मला काय ठावं. मंग वाजतगाजत दर्यावर. गुडघाभर पाण्यात उभा राहिलो आन् एक लाट घेतली कागदावरनं — एकच, सायेब, धाकटीशी. वर काढला तर शाई आपली मासळीसारखी निसटून चाललेली. तरीबी आम्ही नारळ फोडला. आता अर्धवट कशी सोडायची पूजा.

थांबा, दौत बंद नका करू, वाळून जाईल... न्हाय, उघडी पण नको, माशी पडंल. तर ते तळा. तिथं दर्या न्हाय म्हणे. रोह्यापतुर खाडीनं जायचं आन् पुढं डोंगरात. म्हंजे मासळी मिळंल ती सुकीच, तीबी दुसऱ्यानं वाळवलेली. पोर जन्मापासनं ताजी खाल्लेली. आन् एकटी ऱ्हाणार कशी — बाईंच्या खोलीत, बरोबर अजून एक बाई, ट्रेन्ड? मंग ती हिच्या शेजारी बसंल का? तसं न्हाय, मी जाऊ देत न्हाय असं म्हणतोय का? माझं एवढंच, की हितंबी काय वाईट न्हाय. बुधाजी नाखव्याचा सदा हाय, ह्या ओटीवरनं त्याची चूल दिसते. चांगला पोरगा, जाळ्यात हात बसलेला. त्याच्या बापाला मी सांगूनबी ठेवलंय की तो दाखला चौथीचाच, पोर पुढं नुसती शाळेत बसायला जायची... ते लिवू नका. सायेब, लिवताय का ते? न्हाय ना. फायनल झालेली सून त्यांच्या घरात मावायची न्हाय म्हणून बोललो आपलं. केसरला ठावं न्हाय. म्हंजे, तिला असतं सगळं ठावं, बोलत न्हाय.

तिची आई पटकीच्या साथीत गेली. तवापासनं ह्या घरात दोघंच. पहाटे मी होडीवर जाताना ती भाकर बांधून देते आन् वर धडा वाचते, मोठ्यानं — हिरामणसारखं न्हाय, समजून. मला त्या आवाजाची सवय लागलीय. सगळ्या हिंदुस्थानच्या नद्या मला पाठ हायत, एकीतबी होडी घातली न्हाय कधी.

आन् एक सांगू — त्या दिवशी, दर्यावर, ती शेजारीच उभी व्हती. एवढ्या माणसांत एकटी तीच जाणती, की पाणी लागलं तर शाई जाणार. पण थांब म्हणाली न्हाय. मी मागनं इचारलं, पोरी, तू गप का ऱ्हायलीस, वरसं घातलीस त्या कागदापायी. तर म्हणाली, बा, आई गेल्यापासनं तुम्ही पहिल्यांदाच हसत व्हता.

...तवापासनं मी काय हसलो न्हाय, सायेब. अंगठा दिला की ती जाते. न दिला तर ती हितंच ऱ्हाते आन् कावळे राखते. हे दोन्ही मला समजतं, त्याला फायनल लागत न्हाय.

आली बघा. ये, हे शाळाखात्याचे सायेब, इंटर — इंटर झालेले हायत. पाणी दे त्यांना. मी काय सांगत बसलोय? काय न्हाय, तेलाचा हात म्हणून थांबलोय... हे काय आणलंस? चुलीतली राख? आन् फडकं. दारामागं कधीची उभी व्हतीस तू?

बरं. घास. जोरात घास, तेल मुशीचं हाय. ...तू रडत असशील तर मी देणार न्हाय. न्हाय रडत? मंग बरं.

कुठं, सायेब? हितं? दाबून? ...उठला बघा. रेघ न् रेघ दिसते, आता कुणी म्हणायचं न्हाय वाचता येत न्हाय. फुंकू नका, वाऱ्यानं सुकंल. निघा तुम्ही. आन् किनाऱ्याच्या वाटेनं जाऊ नका, भरती लागलीय, वरच्या वाडीतनं गाडी काढा. हा कागद भिजला, तर दुसरा अंगठा मी देणार न्हाय.