पहिल्या पानावरचं नाव

नाही ना पटत? पटणारच नाही. कुणालाच पटलं नाही, मग तुम्हाला बरं पटेल, साहेब. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो, इकडे बसा. पुन्हा सांगते — व्हिडिओत मी जे करते ना, ते नाटक असतं. नाटक! ग्रंथपाल मॅडम फोन लावतात आणि मी करते. खूळ त्यांचंच. लोक वाचनालयात यायचे बंद झाले, तर म्हणे आपण घरच्या घरी व्हिडिओ बनवू, वाचनालय कसं वापरायचं ते लोकांना शिकवू. फोन मॅडमचा, फोन टेकवायला शब्दकोशाचे जाडे खंड — ते तसंही कुणी नेत नाही. आता चांगली वाचक कोण होणार? मॅडम. हळू बोलणार, पुस्तक वेळेवर परत करणार. आणि वाईट वाचक? झाडलोट करणारी मावशी. पान दुमडणारी मी, पुस्तकावर चहाचा कप ठेवणारी मी, वाचताना बोट चाटणारी मी. मॅडमनी तर फक्त पान दुमडायला सांगितलं होतं हं. आवडलेलं पुस्तक नकाशांच्या मागे लपवायचं, म्हणजे दुसऱ्याला मिळायला नको, ते माझ्या डोक्यातलं. आणि रहस्यकथेच्या पहिल्या पानावर खुनी कोण ते लिहून टाकायचं, तेही माझंच. मॅडम हसून हसून खाली बसल्या होत्या, फोनमध्ये नुसतं छत आलंय.

हसा, हसा. पुढचं ऐका. आता भाजीवाला म्हणतो, मावशी, हात लावू नका, नुसतं बघा. दवाखान्यात मी जाऊन बसले की तिथली बाई टेबलावरची मासिकं उचलून आत नेते. माझ्या सख्ख्या भावानं लेकीच्या लग्नाचा अल्बम दाखवला — हातात नाही दिला, स्वतः एकेक पान उलटून दाखवला, मी आपली मागे हात बांधून उभी. पोरं तर पानफाडी म्हणतात. फाडलं नाहीये हो मी एकही पान! दुमडलं. तेही नाटकात. पण व्हिडिओत दिसलं ना? मग झालं तर. मॅडमला कुणी म्हणतं का, की तुम्ही खरोखर इतक्या हळू बोलता? त्या काय बोलतात ते शिपायाला विचारा, त्याला तिसऱ्या गल्लीत ऐकू येतं.

आणि आता हे. त्या निवृत्त मास्तरांनी रहस्यकथा घरी नेली, पहिलं पान उघडलं, तर तिथे लिहिलेलं — खुनी कोण ते. मास्तर थेट तुमच्या समितीकडे. समितीनं व्हिडिओ पाहिला आणि म्हणाली, हात्तिच्या, चोर तर समोरच आहे. चौकशीला तुम्ही आलात. अहो पण व्हिडिओत मी पेनानं लिहिलंय, तेही जुन्या रद्दीतल्या पुस्तकात. हे बघा, हे पेन्सिलीचं आहे. एरवी पेन मी वापरत नाही, ते खोडता येत नाही — म्हणजे — पेन्सिल काय, कुणाकडेही असते हो.

तुम्ही ते पान अंगठ्यानं झाकून धरलंय, दिसतंय मला. वाचताय ना? वाटलंच. कुठवर आलात? मग तुम्हाला आत्ता तो डॉक्टर वाटत असेल. सगळ्यांना डॉक्टरच वाटतो, तो हातमोजे जाळतो ना तिथे — काय झालं? असे काय बघताय? हो, वाचलंय मी. चौथीपर्यंत शिकलेय, पण वाचनालयात काम करते, चपलांच्या दुकानात नाही. घाबरू नका, सांगणार नाही. मला कुणाचा विरस करायला आवडत नाही.

वाचलं म्हणजे... मोठ्यानं वाचलं. सासूबाईंसाठी. आता तुम्ही म्हणाल त्यांचा इथे काय संबंध. तोही व्हिडिओचाच प्रताप. घरपोच सेवेचा व्हिडिओ करायचा होता — ज्यांना येता येत नाही त्यांच्याकडे पुस्तक जातं ना, तो. मॅडम म्हणाल्या, मावशी, तुमच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना दिसतही नाही, आयतंच आहे. आयतंच! मी अर्धं पान वाचायचं आणि सासूबाईंनी ऐकायचं. त्यांनी ऐकलं ते भिंतीकडे तोंड करून. मी त्या घरात आल्यापासून त्यांचं माझं बोलणं म्हणजे काय — दूध नासलं, माझ्यामुळे. दिवे गेले, माझ्यामुळे. नळ कोरडा, मीच काहीतरी केलं असणार. तर मॅडमनी फोन बंद केला, मी पुस्तक मिटलं, आणि भिंतीकडून आवाज आला — थांबलीस का गं? पुढे?

तेव्हापासून रोज. स्वयंपाक उरकला की वाचते. त्यांना खूनच लागतात, दुसरं काही चालत नाही. आणि दोन पानं होत नाहीत तोच त्यांना खुनी सापडतो. पुस्तक कुठलंही असू दे, नाव एकच! मी म्हणते, अहो, या गोष्टीत तसं कुणी आलेलंच नाही. तर म्हणतात, येईल, पुढे येईल. शेवट आला, दुसराच कुणी निघाला, की म्हणायचं, मी कुठे तसं म्हटलं होतं? मग मी काय केलं — लिहून घ्यायला लागले. त्यांच्यासमोर, पहिल्या पानावर. नंतर कुरकुर नको. पुस्तक संपलं की खोडायचं आणि परत आणून ठेवायचं. दर वेळी चूक, दर वेळी खोडलं, कुणाला पत्ता लागला नाही. ते खुन्याचं नाव नसतंच हो! सासूबाईंचा संशय असतो तो.

हां. लिहिलं मीच. ऐकलंत ना? आता पटलं वाटतं लगेच.

मग हे का नाही खोडलं? कारण या एका पुस्तकात त्या बरोबर निघाल्या, म्हणून. काय सांगू साहेब, शेवटचं प्रकरण वाचत होते, नाव आलं, आणि बाई उठून बसली. औषधाला उठवायला दोन माणसं लागतात तिला! टाळी वाजवली, म्हणाली, बघ, मी म्हणत नव्हते? मी खोडरबर शोधायला लागले, तर माझं मनगट धरलं. खोडू नकोस. राहू दे. कुणाला तरी कळू दे, मीही बरोबर असते. आणि मग — मनगट सोडलंच नाही बराच वेळ. म्हणाली, उद्या दुसरं आण. गुपचूप खोडलं असतं तर त्यांना काय दिसणार होतं? पण मी हो म्हटलं होतं ना.

आणि तुमची समिती म्हणते, मावशीनं कॅमेऱ्यासमोर माफी मागावी, सगळ्यांदेखत ते नाव खोडावं, त्याचाच व्हिडिओ करावा, नाहीतर तिचं कार्ड बंद. कार्ड बंद झालं की आमच्या घरात काय उरेल माहितेय? नासलेलं दूध. तेवढ्यावरच बोलायचं मग, दोघींपैकी एक जाईपर्यंत. आणि कॅमेऱ्यासमोर खोडलं, तर त्यांना कळणारच — शेजारीण आमचा प्रत्येक व्हिडिओ सासूबाईंच्या कानाशी धरते. एकूण एक.

खोडरबर कशाला पुढे करताय? सोबत घेऊनच आलात? तयारीचे आहात. ठेवा तो खिशात. मॅडम! फोन आणा तुमचा. खंड मी लावते. साहेब, जरा सरका, तुमची सावली पडते. आणि तुमचं पुस्तक अर्धं राहिलंय ना? मग बाहेर जा आणि दार ओढून घ्या. नाही जात? बरं, मला काय.

झाला चालू? लाल दिसतंय. नमस्कार. मी वाचनालयातली मावशी. पुस्तकात लिहू नये. कुणीच लिहू नये. मी लिहिलं, आणि ते मी खोडणार नाही, कारण ते बरोबर आहे. कार्ड काय करायचं ते करा. सासूबाई, ऐकताय ना? डॉक्टर नाही. माळी नाही. धाकटा भाऊसुद्धा नाही. तुम्ही पहिल्या पानापासून म्हणत होतात, तीच.

सून.